मुलांच्या हाती मोबाईल
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



बोलण्याचा मला सराव नाही. घरात घडले तेच सांगते.

माझ्या धाकट्या जाऊबाई नोकरी करतात. त्यांचा मुलगा दिवसभर माझ्यापाशी. दीड वर्षाचा असताना तो भाताचा घास घेईना, म्हणून मीच एके दिवशी त्याच्यापुढे मोबाईल ठेवला. वाटी चटकन रिकामी झाली. मला कोण आनंद! पुढे ती सवयच जडली. अडीच वर्षांचा झाला तरी चार शब्द धड बोलेना, हाक मारली तर मान वळवीना. जाऊबाई रडल्या, पण मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच मनाला फार लागले.

डॉक्टरांनी आधी कान तपासून घेतले. ते ठीक निघाले. मग म्हणाले, मूल बोलायला शिकते ते माणसाशी बोलून. पडदा एकटाच बोलत सुटतो, मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली वयानुसार मर्यादा सांगितल्या आहेत, त्याही त्यांनी समजावल्या. दोन वर्षांच्या आत मुळीच नको. परगावच्या आजीशी कधीमधी व्हिडिओवर बोलणे झाले तर चालेल. दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाकाठी फार तर एक तास, तोही मोठ्या माणसाने शेजारी बसून. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांहून कमी. त्यापुढे झोप, मैदानी खेळ व अभ्यास यांना धक्का लागणार नाही इतकेच.

ऐकायला सोपे! पहिले आठ दिवस घरात नुसता आकांत. त्यात माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली, "आई, तुझे तास कोण मोजतं?" भाजी निवडतानाही मोबाईल माझ्या मांडीवर असे, हे खरेच होते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी ७ ला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि दीड तास टी.व्ही., मोबाईल बंद. पोरांचे आणि थोरांचेही. आमच्या घरी भोंगा नाही. जेवणाच्या वेळी सर्वांचे मोबाईल फडताळात जातात, सासूबाईंची मालिकाही थांबते. त्या कुरकुरल्या, पण आता त्याच बाळाला चिऊ-काऊचे घास भरवतात.

काल त्याने घास घेता घेता तोंड फिरवले. "काकू, गरम!" मी फुंकर घातली, तर म्हणाला, "अजून."