आज्ञेची तार व ओझ्याची तार



मोटारींत गाणें ऐकण्याची हौस आतां ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील पुष्कळ घरांत शिरली आहे. कांहीं हौशी मंडळी मूळच्या स्टिरिओवर समाधान न मानतां डिकींत दोन-तीन स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर बसवून घेतात. ते चालू करण्यासाठीं जो लहानसा रिले लागतो, त्याची निवड कशी करावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. रिले स्वस्त असतो. पण तो चुकीचा निवडला तर हजारों रुपयांच्या स्टिरिओला धोका पोंचतो, म्हणून हा विचार.

प्रथम मांडणी समजून घेऊं. अ‍ॅम्प्लिफायरला एक जाड तार थेट बॅटरीपासून येते व दुसरी जाड तार गाडीच्या सांगाड्याला जाते. ही झाली ओझ्याची वाट. याखेरीज एक बारीक तार स्टिरिओकडून येते. ती बहुधा निळी व पांढर्‍या रेघेची असते, आणि तिला रिमोटची तार म्हणतात. तिचें काम फक्त ‘ऊठ’ आणि ‘नीज’ एवढें सांगण्याचें. तिच्यांतून किती प्रवाह घ्यावा याची मर्यादा स्टिरिओच्या पुस्तिकेंत दिलेली असते; पुष्कळ ठिकाणीं ती 300 मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरच्या तिसर्‍या हिश्शाहूनहि कमी असते. एकच अ‍ॅम्प्लिफायर असेल तर रिलेची सहसा गरज नाहीं. परंतु तीन अ‍ॅम्प्लिफायर व त्यांना थंड ठेवणारा पंखा, असे सर्वच त्या तारेवर विसंबले, तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते व स्टिरिओच्या पोटांतील नाजुक भाग जळतो.

रिले हा शब्द मूळचा टप्प्यावरच्या ताज्या घोड्यांचा. आपल्याकडील डाकेचे हरकारेहि असेच चौकीचौकीवर थैली दुसर्‍याच्या हातीं देत. निरोप तोच, पाय मात्र नवे. 1835 च्या सुमारास अमेरिकेंत जोसेफ हेन्री यांनीं हीच युक्ति विजेला शिकविली. दुबळा प्रवाह तारेच्या वेटोळ्यांतून जाऊन त्याचें चुंबक बनवितो. तें चुंबक एक पट्टी ओढतें, आणि ती पट्टी दुसर्‍या, सबळ प्रवाहाची वाट मोकळी करते. डोंबिवलीहून ठाण्याकडे धांवणार्‍या लोकलमध्यें तरी दुसरें काय घडतें? मोटरमनच्या हातांतील दांड्यांतून चाकें फिरविणारा प्रचंड प्रवाह जात नाहीं. तेथून केवळ आज्ञा निघते. आज्ञा एकाची, ओझें दुसर्‍याचें.

आतां निवडीकडे वळूं. रिले मागितला कीं बाजारांत बहुधा 40 अँपिअरचा हातीं पडतो, आणि मोठा आंकडा पाहून गिर्‍हाईकहि संतुष्ट होतें. परंतु हा आंकडा पट्टीच्या सामर्थ्याचा आहे, वेटोळ्याच्या भुकेचा नव्हे. आपली पट्टी तर फक्त रिमोटच्या तारा व एखादा पंखा यांचाच भार वाहणार. तिला 5 अँपिअर पुष्कळ झाले. स्टिरिओवर भार पडतो तो वेटोळ्याचा. अशा जाड रिलेच्या वेटोळ्याचा रोध सुमारें 80 ओहम असतो. इंजिन चालू असतां दाब 14.4 व्होल्टपर्यंत चढतो. 14.4 ला 80 नें भागिलें कीं 180 मिलिअँपिअर येतात. म्हणजे मर्यादेचा अर्ध्याहून अधिक भाग एकट्या रिलेनेंच खाल्ला. ज्या स्टिरिओची मर्यादा याहून कमी, त्याची गत काय होईल? उलट, साखरेच्या वडीएवढा, 400 ओहमचा रिले घेतला तर त्याच दाबाला 36 मिलिअँपिअरच लागतात: बरोबर पांचवा हिस्सा. म्हणून दुकानांतच मल्टिमीटर मागून वेटोळ्याचा रोध मोजावा. चौकोनी मोटार-रिलेवर 85 व 86 हे अंक वेटोळ्याचे, आणि 30 व 87 हे पट्टीचे.

आणखी कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. वेटोळ्याचा प्रवाह तोडतांच त्यांतील चुंबकत्व कोसळतें व उलट दिशेचा मोठा दाब उसळतो. तो स्टिरिओवर आदळूं नये म्हणून वेटोळ्याच्या दोन टोकांवर डायोड लावावा. त्याची पट्ट्याची बाजू धन टोकाकडे असावी. ज्या तारेनें पट्टीला वीज मिळते, तिच्यावर लहान फ्यूज अवश्य हवा. आपल्याकडील पावसाळा लक्षांत घेऊन रिले बंदिस्त घ्यावा व गाडीच्या तळाशीं न ठेवतां उंचावर बसवावा.

रिलेचा खटाटोप टाळण्यासाठीं रिमोटची तार कायमची बॅटरीला जोडण्याचा मार्ग कोणी सुचवील. तो पत्करूं नये. दोन अ‍ॅम्प्लिफायर नुसते जागे राहून एकेक अँपिअर घेत असतील, तर बारा तासांत 24 अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीची बॅटरी असते 35 च्या आसपास. मग सकाळीं घाईच्या वेळीं गाडी सुरू होत नाहीं, आणि शेजार्‍यांना धक्का मारण्यास बोलवावें लागतें.

तात्पर्य, रिले घेतांना तो किती ओझें उचलतो हें नंतर विचारावें. उचलण्यासाठीं स्वतः किती मागतो, हें आधीं विचारावें. घरीं चाकर ठेवतांना शहाणी गृहिणी हेंच पाहते.