ट्रॉलर म्हातारे झाले तेव्हा

माझं नोकरीचं आयुष्य व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं. आमच्या धंद्यात जहाजाच्या जन्मापेक्षा मरणाची चर्चा जास्त. पंचवीस-तीस वर्षं झाली, की दुरुस्ती परवडेनाशी होते आणि मालक भंगाराचा भाव विचारू लागतो. मग मुंबईचा दारूखाना, नाहीतर गुजरातचं अलंग. भरतीच्या पाण्यावर जहाज किनाऱ्यात घुसवायचं आणि ओहोटीच्या चिखलात गॅसकटरनं कापून काढायचं. मोठ्या प्रवासी जहाजांचे निदान फोटो तरी छापून येतात. मासेमारीच्या ट्रॉलरांकडे कोण बघणार? पण ब्रिटनमधल्या काही जुन्या ट्रॉलरांचं दुसरं आयुष्य पहिल्यापेक्षा जास्त गाजलं. त्यांच्यावर राबलेल्या माणसांच्या वाट्याला काय आलं, हा त्याच गोष्टीचा दुसरा भाग आहे, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

ट्रॉलर म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं समुद्राच्या तळावरून ओढत नेणारी बोट. पूर्वी हे काम शिडाच्या बोटी करत. खास मासेमारीसाठी बांधलेला वाफेवरचा पहिला ट्रॉलर 'झोडियॅक' १८८१ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हल इथे तयार झाला आणि शेजारच्या ग्रिम्सबी बंदरातून समुद्रात जाऊ लागला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत आणखी एक युक्ती आली. जाळ्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना एकेक जड फळी बांधायची. बोट ओढू लागली, की पाण्याच्या दाबानं फळ्या एकमेकींपासून लांब जातात आणि जाळ्याचं तोंड उघडं राहतं. आपल्या ससून डॉकमधून सुटणारे ट्रॉलर आजही याच तत्त्वावर मासे धरतात. तसा असला विलायती ट्रॉलर आपल्याकडे फार पूर्वीच येऊन गेला होता. मुंबई सरकारनं १९२१-२२ मध्ये 'विल्यम कॅरिक' नावाचा वाफेवरचा ट्रॉलर आपल्या किनाऱ्याजवळ चालवून पाहिला होता. तो प्रयोग तेवढ्यावरच राहिला.

हल आणि ग्रिम्सबीच्या ट्रॉलरांनी आधी जवळचा उत्तर समुद्र उपसला. तिथले मासे कमी होऊ लागले तसे ते आइसलँड, बेअर आयलंड, पार रशियाच्या उत्तरेच्या श्वेत समुद्रापर्यंत गेले. एक फेरी साधारण तीन आठवड्यांची. मासे कोणते, तर कॉड आणि हॅडॉक. इंग्लंडमध्ये कागदात गुंडाळून मिळणारे 'फिश अँड चिप्स' खाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की तो तुकडा ध्रुवाजवळच्या पाण्यातून आलाय!

मी हलला गेलो तेव्हा 'आर्क्टिक कॉर्सेअर' हा ट्रॉलर तिथल्या नदीत संग्रहालय म्हणून उभा होता. १९६० साली बांधलेला हा ट्रॉलर जाळं मागून न टाकता बाजूनं टाकणाऱ्या जातीचा. म्हणजे जाळं आत घ्यायचं तर बोट लाटांना आडवी करायची, आणि खलाशांनी उघड्या डेकवर, कठड्याशी उभं राहून ते ओढायचं. मासे डेकवर ओतले, की तिथेच उभ्यानं सुरीनं पोटं फाडून आतडी काढायची, यकृतं तेलासाठी वेगळी ठेवायची आणि मासे खाली बर्फात रचायचे. अठरा तास काम, सहा तास झोप. मासळी लागली असेल तर ती झोपही खात्रीची नाही. आम्हाला बोट दाखवणारे गृहस्थ स्वतः जुने ट्रॉलरवाले होते. त्यांनी झोपायची फळकुटं दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, आणि डेकवर आल्यावर म्हणाले, "आता इथे काळोख आहे असं समजा, आणि हे सगळं बर्फानं माखलंय." एवढं सांगून ते गप्प उभे राहिले. मी इंजिनवाला माणूस. वादळ असलं तरी आमच्या डोक्यावर लोखंड असायचं, पायाखाली ऊब असायची. या माणसांना यातलं काहीच नव्हतं.

त्या समुद्रातला खरा वैरी लाट नव्हे, बर्फ. उडालेलं पाणी दोरांवर, डोलकाठीवर, कठड्यांवर पडता पडता गोठतं. माणसं कुऱ्हाडींनी ते फोडत राहतात. फोडण्यापेक्षा गोठणं वेगात होऊ लागलं, की बोट वरच्या बाजूनं जड होते आणि एका क्षणी कलंडते ती परत उठत नाही. २६ जानेवारी १९५५ रोजी आइसलँडच्या उत्तरेला 'लोरेला' आणि 'रॉडेरिगो' हे हलचे दोन ट्रॉलर एकाच दिवशी असे गेले. दोन्ही मिळून चाळीस माणसं. दुसऱ्या एका अडचणीतल्या ट्रॉलरसाठी ते त्या वादळात थांबले होते.

हलमध्ये या लोकांची वस्ती हेसल रोड भागात. दर फेरीनंतर घरी मिळायचे दोन-तीन दिवस. पकडलेल्या मासळीच्या भावावर हिस्सा ठरलेला, तो हातात पडला, की त्या दिवसांत खर्च व्हायचा. गाव त्यांना 'तीन दिवसांचे लक्षाधीश' म्हणायचं. नवरा समुद्रावर निघायच्या दिवशी बायको कपडे धूत नसे. धुतले तर नवराही वाहून जाईल, ही भीती. गोदीवर निरोप द्यायलाही ती जात नसे. रेडिओवर बोलताना मला त्यांची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. घरातल्या रेडिओवर काटा एका ठरावीक जागी फिरवला, की समुद्रावरच्या स्किपरांची आपसातली बोलणी ऐकू यायची. स्किपर म्हणजे आपल्याकडचा तांडेल. त्या बोलण्यातून बायकांना कळायचं, की आपली बोट अजून आहे.

आणि १९६८ च्या जानेवारीत एका ट्रॉलरचा आवाजच आला नाही. 'सेंट रोमॅनस' वर रेडिओ ऑपरेटर नव्हताच. ठेवलाच पाहिजे असं बंधन नव्हतं आणि मालकाचा पगार वाचत होता. १० जानेवारीला बंदर सोडलेल्या या बोटीबद्दल शंका यायला दोन आठवडे लागले. पाठोपाठ 'किंग्स्टन पेरिडॉट' बेपत्ता झाला. ४ फेब्रुवारीला 'रॉस क्लीव्हलँड' आइसलँडच्या एका खाडीत आसऱ्याला आलेला असताना बर्फाच्या भारानं उलटला. त्याच्या स्किपरनं रेडिओवर शेवटी घरच्यांना प्रेम कळवलं, ते जवळच्या बोटींनी ऐकलं. तीन ट्रॉलर, अठ्ठावन्न माणसं. वाचला तो एकटा हॅरी एडम.

मग हेसल रोडच्या बायका उठल्या. पुढे होत्या लिलियन बिलोका. या बाई मासळीच्या कारखान्यात काम करायच्या, मुलगा ट्रॉलरवर. त्यांच्याबरोबर मेरी डेनेस, ख्रिस्टीन जेन्सन आणि इव्हॉन ब्लेन्किन्सॉप. डोक्याला रुमाल बांधलेल्या या बायकांनी दहा हजार सह्या गोळा केल्या, गोदीवर मोर्चा नेला, रेडिओ ऑपरेटर नसलेली बोट सुटू नये म्हणून पोलिसांशी झटापट केली आणि लंडनला जाऊन मंत्र्यांना गाठलं. प्रत्येक बोटीवर रेडिओ ऑपरेटर, वादळात मदतीला एक मोठं जहाज, हवामानाची नीट खबर, अशा मागण्या काही आठवड्यांत मान्य झाल्या. जे काम कामगार संघटनांना वर्षानुवर्षं जमलं नव्हतं ते यांनी केलं. बक्षीस काय मिळालं? बिलोकाबाईंची नोकरी गेली, धमक्यांची पत्रं आली, मासळीच्या धंद्यात त्यांना पुन्हा कोणी उभं केलं नाही. १९८८ मध्ये त्या वारल्या.

धंदा बुडाला तो मात्र वादळानं नाही. आइसलँडनं आपली सागरी हद्द वाढवत नेली. आधी १२ मैल, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २००. ब्रिटननं आरमार पाठवलं. आइसलँडच्या गस्ती बोटींनी पाण्यातून ओढायची एक कात्री काढली आणि तिनं ट्रॉलरांच्या जाळ्यांचे तारदोर तोडले. १९७३ च्या मे महिन्यात ग्रिम्सबीच्या 'एव्हर्टन' नावाच्या ट्रॉलरवर गोळेही पडले. मघाशी सांगितलेल्या 'आर्क्टिक कॉर्सेअर' नं १९७६ मध्ये एका गस्ती बोटीला धडक दिली होती. या भांडणाला 'कॉड युद्ध' म्हणतात. तसं पाहिलं तर आइसलँडची बाजू खोटी नव्हती. मासळीवरच जगणारा तो चिमुकला देश, आणि परक्यांचे ट्रॉलर त्याच्या दारातला समुद्र खरवडून नेत होते. जून १९७६ मध्ये तह झाला आणि ब्रिटनला माघार घ्यावी लागली. दूरच्या पाण्यासाठी बांधलेले शेकडो ट्रॉलर काम नसताना धक्क्याला लागले.

बहुतेकांची वाट भंगाराकडे गेली. काही उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींपाशी राखणीला उभे राहिले. विहिरीवर आग लागली तर माणसं उचलायची, एवढंच काम. हलचे पाच तुलनेनं नवे ट्रॉलर १९८२ च्या फॉकलंड युद्धात सुरुंग काढायला गेले आणि पाचही परत आले.

'सर विल्यम हार्डी' हा १९५५ मध्ये ॲबर्डीनला बांधलेला सरकारी संशोधन ट्रॉलर. त्याला १९७८ मध्ये नवे मालक आणि नवं नाव मिळालं, 'रेनबो वॉरियर'. होय, तीच ग्रीनपीसची बोट, जी फ्रान्सच्या हेरांनी १० जुलै १९८५ रोजी ऑकलंड बंदरात स्फोटानं बुडवली आणि जिच्यावर फर्नांदो परेरा हा छायाचित्रकार मारला गेला. व्हेल वाचवायला आणि अणुचाचण्या रोखायला निघालेली ही बोट मुळात मासे धरण्यासाठी घडवलेली होती.

'व्हायोला' ची कथा याहून लांबची. 'आर्क्टिक कॉर्सेअर' ज्या कारखान्यात बांधला गेला, हलजवळच्या बेव्हर्लीतल्या त्याच कारखान्यात ही बोट १९०६ मध्ये तयार झाली. तिथली नदी इतकी अरुंद, की बोटी पाण्यात आडव्या ढकलाव्या लागत. मालकांना शेक्सपिअरचा सोस असल्यानं बोटींना त्याच्या पात्रांची नावं. ('रॉडेरिगो' ही त्याच घराण्याचा.) 'व्हायोला' उत्तर समुद्रात मासे धरून पेट्यांत भरी आणि वल्ह्याच्या होडीतून ते दुसऱ्या जहाजाकडे जात. पहिल्या महायुद्धात तिच्यावर तोफ बसवली आणि पाणबुड्यांच्या शोधात पाठवली. युद्ध संपल्यावर नॉर्वेजियन मालकांनी तिला व्हेलच्या शिकारीला लावलं. नंतर अर्जेंटिनाच्या एका कंपनीनं 'डिआस' नावानं तिला अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या साउथ जॉर्जिया बेटावर नेलं आणि ती सीलच्या शिकारीला लागली. १९८२ मध्ये याच बेटावर अर्जेंटिनाचे भंगारवाले उतरले, त्यांनी झेंडा लावला आणि त्यातून फॉकलंडचं युद्ध पेटलं. 'व्हायोला' अजून तिथेच, ग्रिटविकनच्या किनाऱ्यावर आहे, मूळ वाफेच्या इंजिनासकट. इंजिनवाल्याला याचं काय वाटतं, ते मी वेगळं सांगायला नको. तिला हलला परत आणावं म्हणून तिथल्या मंडळींनी बरीच खटपट केली आहे.

आणि आपल्या, म्हणजे आकाशवाणीच्या, जातीचा एक ट्रॉलर. 'रॉस रिव्हेंज' जर्मनीत १९६० मध्ये बांधला, आधी आइसलँडवाल्यांकडे होता, १९६३ मध्ये ग्रिम्सबीला आला. कॉड युद्धानंतर तो स्कॉटलंडमध्ये भंगारवाल्याच्या दारात उभा होता. तिथून त्याला 'रेडिओ कॅरोलाइन' नं उचललं. हे चाचे रेडिओ केंद्र. आपल्याकडे १९५२ नंतर सिनेमाची गाणी ऐकायला लोक रेडिओ सिलोन लावायचे ना, तसंच. ब्रिटनमध्ये बीबीसी वाजवत नव्हती ती गाणी ही मंडळी हद्दीबाहेर जहाज उभं करून वाजवायची. ऑगस्ट १९८३ पासून 'रॉस रिव्हेंज' वरून गाणी सुरू झाली. जिथे कॉड बर्फात रचायचे तिथे ट्रान्समीटर आले. डेकवर तीनशे फुटी मनोरा उभा राहिला. १९८७ च्या वादळात तो खिळखिळा झाला आणि पुढच्या महिन्यात कोसळला, तरी प्रक्षेपण पुन्हा चालू झालं. १९९१ मध्ये नांगर तुटून बोट गुडविनच्या वाळूवर चढली. त्या वाळूत रुतलेली जहाजं सहसा परत येत नाहीत, ही आली. आता ती एसेक्समधल्या ब्लॅकवॉटर नदीत उभी आहे, आणि २०१७ पासून केंद्राला रीतसर परवानाही आहे.

इतकी वर्षं या बोटींसाठी कोणी ना कोणी पैसा काढला. मालकांना ट्रॉलर मोडीत काढायला सरकारी अनुदान मिळालं. खलाशांना मात्र १९७६ नंतर घरी पाठवताना एक पौंडही दिला नाही. कारण विचारलं तर कायदा दाखवला गेला. हे लोक दर फेरीला नव्यानं सही करतात, म्हणून ते हंगामी मजूर. वीस-तीस वर्षं त्याच मालकाच्या बोटींवर गेलेला माणूसही हंगामीच! त्यांनी दोन दशकं भांडून काढली. तेव्हा कुठे २००० साली सरकारनं भरपाई जाहीर केली. नोकरीच्या दर वर्षाला एक हजार पौंड, जास्तीत जास्त वीस हजार. त्यातही दोन फेऱ्यांमध्ये बारा आठवड्यांहून मोठा खंड पडलेला असेल, तर आधीची वर्षं धरायची नाहीत, अशी अट. त्यामुळे कितीतरी जण गळाले. संसदेच्या लोकपालांनी २००७ मध्ये या योजनेवर ताशेरे ओढले आणि २००९ मध्ये सुधारित योजना आली. तोवर कॉड युद्ध संपून तेहतीस वर्षं झाली होती आणि बऱ्याच जणांचे अर्ज त्यांच्या विधवांनी भरले.

हलमध्ये ज्या गोदीतून हे ट्रॉलर सुटायचे ती १९७५ मध्येच बंद झाली. आता तिच्या जागेवर दुकानं आहेत आणि गाड्या उभ्या करायची मोठी जागा. दरवर्षी जानेवारीत शहरातले लोक तिथे नदीकाठी जमतात आणि पाण्यात फुलं सोडतात. हलमधून गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांचा आकडा सुमारे सहा हजार सांगतात.