उरलेल्या दोन आकृत्या
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माईक हातात आला की मला अजूनही घाम फुटतो, म्हणून जे जरा बरं येतं त्यावरच बोलते. भूमितीवर. (मागून 'नको गं' कोण म्हणालं, ते आवाजावरून ओळखलंय मी!)

चांदबिबी महालाची सहल आठवते? महाल म्हणतो आपण, पण ती निजामशाहीतल्या सलाबतखान या मंत्र्याची कबर. दगडी, तीन मजली, अष्टकोनी. दुसऱ्या दिवशी बाईंनी तोच अष्टकोन वहीत काढायला लावला. आधी वर्तुळ, त्याच्या आत आठ सारख्या बाजू. मग एक बाजू घ्यायची, तिची दोन्ही टोकं उरलेल्या सहा कोपऱ्यांना जोडायची आणि प्रत्येक कोपऱ्यातला कोन मोजायचा. कुणाचा २२ अंश आला, कुणाचा २४. बाई म्हणाल्या, "सगळे साडेबावीस आहेत. मोजून भांडत बसू नका, सिद्ध करा."

ते असं होतं. वर्तुळावर अ, ब, क हे तीन बिंदू, केंद्र म. कोन ब पाशी. समजा बक ही भुजा केंद्रातून जाते. मअ जोडा. मअ आणि मब दोन्ही त्रिज्या, म्हणजे त्रिकोण समद्विभुज, म्हणून अ आणि ब पाशी कोन सारखे. केंद्रापाशी होणारा अमक हा त्या त्रिकोणाचा बाह्यकोन, म्हणजे त्या दोघांची बेरीज. म्हणजेच ब च्या दुप्पट. अष्टकोनाची एक बाजू केंद्रापाशी ३६० भागिले ८, म्हणजे ४५ अंशांचा कोन करते; परिघावर त्याच्या निम्मा.

चाचणीत मी एवढंच लिहिलं आणि ऐटीत पेपर दिला. पाचापैकी दोन गुण! शेजारी लाल शाईत: "उरलेल्या दोन आकृत्या कुठे?" केंद्र कोनाच्या आत असेल तर? बाहेर असेल तर? दोन्हीकडे ब मधून व्यास काढायचा; आत असेल तर दोन कोनांची बेरीज, बाहेर असेल तर वजाबाकी. एवढंच राहिलं होतं. मी घरी येऊन रडले होते. गुण गेले म्हणून. चूक तेव्हा पटलीच नव्हती.

ती पटली इंजिनिअर झाल्यावर. ट्रकचा माग ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये गाडी किती अंश वळली, हे काढणारा कोड माझ्याकडे होता. उत्तर दिशा शून्य धरून घड्याळाच्या काट्यासारखं ३६० पर्यंत मोजायचं. मी साधी वजाबाकी केली. ४० वरून ७०, बरोबर. २०० वरून १८०, बरोबर. दिला कोड. आठवड्यात तक्रार आली: सरळ रस्त्यावरचा ट्रक गर्रकन फिरल्याचं दिसतंय. गाडी ३५० वरून १० वर गेली होती. वळली फक्त २० अंश, माझा कोड सांगत होता ३४०. मी तपासलेल्या प्रत्येक उदाहरणात उत्तर दिशा कोनाच्या बाहेर होती. इथे ती आत आली होती.

रात्री अकरा वाजता रिकाम्या ऑफिसात मला ती लाल शाई आठवली, आणि एकटीच हसले.

आता टीममधल्या मुलांचा कोड तपासताना मीही तेच लिहिते, "उरलेल्या दोन आकृत्या कुठे?" त्यांना काही कळत नाही. मग कागदावर वर्तुळ काढून बसते.

बाई, तुम्ही पहिल्याच रांगेत आहात म्हणून विचारते. तिन्ही आकृत्या आत्ता फळ्यावर काढून दाखवते. ते तीन गुण मिळतील का?