पडक्या जागा



प्रत्येक गावात अशी एक जागा असते, की तिकडे दिवसासुद्धा कुणी फिरकत नाही. कुठं पडकी गढी असते. कुठं बाभळीत बुडालेली बारव असते. कुठं देव नसलेलं देऊळ असतं. पोरांनी विचारलं की आपण सांगतो, "तिकडं जाऊ नको, भूत हाय." भूत असो वा नसो, साप-विंचू मात्र असतात! पण ती जागा बांधली कुणी? सोडली का? हे कुणी सांगत नाही. जाणती म्हातारी माणसं गेली की गोष्टही त्यांच्याबरोबर जाते.

आपल्या बीडजवळची खजाना विहीर घ्या. किती वाटसरू तिच्या जवळून जातात आणि न बघता पुढं निघतात. ही विहीर सुमारे १५८३ साली झाली. अहमदनगरच्या निजामशाहीचा सरदार सलाबतखान यानं ती बांधवून घेतली. बांधणाऱ्या कारागिराचं नाव राजा भास्कर असं सांगतात. सरकारी खजिना हिच्यात खर्ची पडला म्हणून खजाना विहीर, असंही लोक म्हणतात.

तिची खरी करामत जमिनीखाली आहे. विहिरीला भुयारं आहेत. काही भुयारांतून झऱ्याचं पाणी आत येतं आणि एकातून बाहेर जातं. भुयाराला असा उतार दिला आहे, की पाणी उपसावं लागत नाही. ते आपल्या वाटेनं वाहत बलगुजार भागातल्या शेतांना जातं. ना मोट, ना बैल, ना इंजिन! ज्या माणसानं हा उतार काढला, त्याच्याजवळ आजच्यासारखी यंत्रं नव्हती. आम्हाला तर किल्ल्याच्या तटापेक्षा ही विहीर मोठी वाटते.

हे सांगायचं कारण आहे. आपल्या केज तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं. लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आणावं लागलं. त्याच वेळी कितीतरी गावांत जुन्या बारवा केरकचऱ्यानं भरलेल्या होत्या. आपल्या पूर्वजांनी पाणी बघूनच तिथं बारव खोदली असेल ना? मग तिच्यात कचरा टाकण्याआधी गाळ काढून तरी बघावा.

आता अंबाजोगाईला चला. तिथं बाराखांबी म्हणून जुनं देऊळ आहे. त्याला सकलेश्वर असंही म्हणतात. यादव राजा सिंघण याच्या काळी, १२२८ साली ते होतं, असा शिलालेख आहे. २०२४ साली पुरातत्त्व खात्यानं त्याच्या आसपास खोदलं, तेव्हा मातीखाली आणखी देवळांचे पाये निघाले. म्हणजे लोक इतकी वर्षं देवळांवरून चालत होते!

गावोगाव एक दगड दिसतो. त्यावर लढणारी माणसं कोरलेली असतात. त्याला वीरगळ म्हणतात. तुम्ही आता अक्षर वाचता, ते वरून खाली. वीरगळ मात्र खालून वर वाचायचा. खाली वीर लढतो, पडतो. मधल्या भागात अप्सरा त्याला वर नेतात. सगळ्यात वर तो शंकराच्या पिंडीपुढं बसलेला असतो. गायी सोडवताना किंवा गाव राखताना कुणी मेला, त्याची ही आठवण. असले दगड धुणं धुवायला आणि पायरीला लावलेले आम्ही पाहिले आहेत. बघून वाईट वाटलं.

आणि ते गुप्तधन! धनाच्या लोभानं रात्री जाऊन लोक पाये खणतात, मूर्ती फोडतात. हाती काय येतं? माती. उलट भोंदू मांत्रिक खिसा रिकामा करतो तो वेगळाच. जमिनीत धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा १८७८ सालचा आहे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

पडकी जागा बघायची तर दिवसा आणि सोबतीनं जावं. मालकाला विचारावं. हातात काठी, पायात जोडा असावा. कललेल्या भिंतीखाली उभं राहू नये. जुन्या आडात उतरू नये. तळाशी विषारी हवा साठते. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. शिलालेखाला चुना, रंग, शेंदूर फासू नये, अक्षरं बुजतात.

येत्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत आपण सगळे गावाभोवती फिरू. येताना वही आणि पेन्सिल आणा. जागेला लोक काय म्हणतात ते आधी लिहायचं. मग ती कुठं आहे, पाणी आहे का, दगडावर काही कोरलंय का, ते लिहायचं. कुणा आजीला काही आठवत असेल तर तिचं बोलणं तिच्याच शब्दांत उतरवायचं. शुद्धलेखनाची काळजी नको, ते आम्ही मागाहून पाहू.