लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आणि पोटातील चरबी

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेतील लिपिक आहे. तरीही हा विषय घेतला, कारण माझ्या एका सहकाऱ्याने वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ती वर्षभर सर्वांपासून लपवली. "जिभेवर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतले," असे लोक म्हणतील, ही त्याला भीती होती. ही भीती आपल्या अज्ञानाने निर्माण केलेली आहे.

चरबी एक कातडीखाली असते, ती चिमटीत येते. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. ही दुसरी अधिक घातक होय. तिच्यामुळे इन्सुलिनचे काम मंदावते आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना वाट मिळते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरील कातडीखालची सुमारे दहा किलो चरबी शोषून काढली होती. वजन घटले, पण इन्सुलिनच्या कामात सुधारणा झाली नाही.

जठरावरील शस्त्रक्रियेत चरबी कापतच नाहीत. एका पद्धतीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. दुसरीत, म्हणजे बायपासमध्ये, जठराची लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. आहार घटतो, यकृतातील चरबी लवकर उतरते आणि भूक आवरणारी संप्रेरके वाढतात. म्हणूनच वजन फारसे उतरण्यापूर्वीच अनेकांची साखर कमी होऊ लागते. पुढे पोटातील चरबीही घटते.

मात्र ही जादू नव्हे. क्लीव्हलँड येथील अभ्यासात औषधांच्या जोडीला बायपास केलेल्या मधुमेहींपैकी ४२ टक्के रुग्णांची साखर एका वर्षाने ठरविलेल्या मर्यादेत आली. पाच वर्षांनी हे प्रमाण २९ टक्के राहिले. केवळ औषधे घेणाऱ्यांत ते अवघे ५ टक्के होते. म्हणजे लाभ मोठा, पण तो टिकवावा लागतो. लोह, कॅल्शियम, बी-१२ जन्मभर घ्यावे लागते आणि आहार सुटला तर वजन परत येते.

कोसलनरेश पसेनदी अतिभोजनाने धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला हिणवले नाही. भोजनात मात्रा सांभाळण्याचा उपदेश केला. राजाने ती गाथा रोज जेवताना म्हणण्यासाठी एका तरुणाला नेमले आणि हळूहळू त्याचा आहार व देह दोन्ही आटोक्यात आले. मनुष्याला मदतीची गरज असते, टोमण्यांची नव्हे.

"मी तर सडपातळ आहे," असे म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. २००४ सालीच पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी एका ब्रिटिश सहकाऱ्याशी स्वतःची तुलना मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण त्या सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के! तेव्हा बंधू-भगिनींनो, आज घरी जाऊन टेपने कंबर मोजा. पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, तर साखर तपासून घ्या. आणि कोणी शस्त्रक्रिया केली असेल, तर त्याला ती लपवावी लागू नये, असे वागा.

जयभीम! नमो बुद्धाय!