कोड : समज आणि गैरसमज
(सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. कापड बाजारातील एक व्यापारी आहे. तरीही आज एका व्याधीविषयी बोलण्याचे धाडस करतो, कारण गेली पंधरा वर्षे ती माझ्या हातांवर आहे. तिला आपण कोड म्हणतो.

कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा हल्ला करते. सूक्ष्म दाह होऊन त्या पेशी नष्ट होतात आणि तेथे पांढरा डाग उमटतो. दर दोनशे माणसांत एक-दोघांना हा विकार असतो. हा कुष्ठरोग नव्हे. तो स्पर्शाने पसरत नाही, की दूध व आंबट एकत्र घेतल्याने होत नाही.

हे मला फार उशिरा कळले. गडद कापड उलगडताना ग्राहकाची नजर माझ्या बोटांवर थांबे. मी मुनिमांना पुढे बसवून स्वतः मागे बसू लागलो. कन्येच्या विवाहाची बोलणी सुरू झाली, तेव्हा पाहुण्यांसमोर हात उपरण्याखाली ठेवले. त्या रात्री कन्या म्हणाली, "पप्पा, लपवून जुळवलेले नाते मला नको." दुसऱ्या दिवशी मी सारे स्पष्ट सांगितले. त्या घरून पुन्हा निरोप आला नाही. पुढच्या घराने मात्र ऐकून घेतले आणि संबंध जुळला. जवळच्या नात्यात कोड असल्यास शक्यता थोडी वाढते. तरी बहुतेक मुलांना ते होत नाही, हे त्यांना डॉक्टरांनी समजावले.

मलमे, विशिष्ट अतिनील किरणांचा उपचार आणि डाग स्थिर असल्यास त्वचारोपण, असे उपाय आज उपलब्ध आहेत. गुण सर्वांना सारखा येत नाही. लवकर गेल्यास अधिक आशा असते. जाहिरातीतील हमखास औषधांवर पैसा दवडू नये.

पण मनाच्या जखमेला मलम नाही. तेथे समदुःखी माणसेच लागतात. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी, स्वतःला कोड असताना, 'श्वेता असोसिएशन' हा आधारगट उभारला. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' (२००६) या चित्रपटाची नायिकाही कोड असलेली डॉक्टर आहे.

माझी नम्र विनंती एवढीच, की आपल्या सभागृहात महिन्यातून एक सायंकाळ अशा कुटुंबांसाठी राखावी. आणि स्थळ पाहताना माणसाचा स्वभाव पाहावा, कातडी नव्हे.

आज मी गादीवर पुढे बसतो आणि याच हातांनी कापड मोजतो.

जय जिनेंद्र!