पोकळीचे मोजमाप : पॉझिट्रॉन आणि बहुवारिके



प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेल्या मसाल्याचा वास काही दिवसांत बाहेर दरवळू लागतो. पिशवीला कोठेही भोक पडलेले नसते. वासाचे रेणू बाहेर पडतात ते पिशवीच्या पदार्थातूनच. प्लॅस्टिक हे बहुवारिक, म्हणजे लांबलचक रेणुसाखळ्यांचा गुंता. साखळ्या कितीही दाटल्या, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या उरतात. त्यांची त्रिज्या नॅनोमीटरच्या काही दशांशांएवढी असते. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. या रिकाम्या जागेला शास्त्रज्ञ ‘मुक्त आकारमान’ म्हणतात.

साखळ्यांच्या हालचालींबरोबर या पोकळ्याही बदलत राहतात. त्यांना पट्टी लावायची कशी? त्यासाठी उपयोगी पडला तो पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा भाऊ. डिरॅक यांच्या सिद्धान्तातून त्याचे भाकीत झाले आणि १९३२ मध्ये अँडरसन यांना तो विश्वकिरणांत सापडला. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन भेटले की दोघांचेही विलोपन होते आणि त्यांच्या जागी गॅमा किरण उरतात.

प्रयोगात सोडियम-२२ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा उगम बहुवारिकाच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवतात. पॉझिट्रॉन बाहेर पडतो, त्याच सुमारास सुमारे १२.७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा एक गॅमा किरणही निघतो. ही त्याच्या जन्माची वर्दी. पुढे ५.११ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा किरण आला की ती मृत्यूची वर्दी. दोहोंमधील अंतर हे त्याचे आयुष्य.

काही पॉझिट्रॉन मरण्यापूर्वी एखाद्या इलेक्ट्रॉनशी जोडी जमवतात. ही जोडी म्हणजे पॉझिट्रोनियम; १९५१ मध्ये मार्टिन डॉइच यांनी तिचा शोध लावला. तिच्या ‘ऑर्थो’ या प्रकाराचे आयुष्य निर्वातात १४२ नॅनोसेकंद असते. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जांश. बहुवारिकात मात्र ही जोडी एखाद्या पोकळीत अडकते, भिंतींवर आदळते आणि भिंतीतील इलेक्ट्रॉनमुळे तिचा पॉझिट्रॉन लवकर नाहीसा होतो. पोकळी लहान, तर आदळणे वारंवार आणि आयुष्य कमी. पोकळी मोठी, तर आयुष्य अधिक. ताओ यांनी १९७२ मध्ये आणि एल्ड्रप व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार २ नॅनोसेकंद आयुष्यावरून सुमारे ०.२९, तर ३ नॅनोसेकंदांवरून सुमारे ०.३७ नॅनोमीटर त्रिज्या निघते.

या मोजमापावर बरेच काही अवलंबून आहे. वायू वेगळे करणारे किंवा खाऱ्या पाण्यातून मीठ अडवणारे पापुद्रे काय जाऊ देतात, हे बऱ्याच अंशी या पोकळ्या ठरवतात. जपानमध्ये १९८३ साली प्रसिद्ध झालेले पॉलिट्रायमेथिलसिलिलप्रोपाइन हे बहुवारिक वायूंना विलक्षण मोकळी वाट देते. पण साखळ्या हळूहळू बसत जातात, पोकळ्या आक्रसतात आणि वायूंची वाट अरुंद होते. वरून पापुद्रा तसाच दिसतो. त्याचे म्हातारपण पॉझिट्रॉनच्या आयुष्यातून कळते.

तथापि एक सावधगिरी आवश्यक आहे. वरील सूत्र पोकळीला गोल मानते. खऱ्या पोकळ्या वेड्यावाकड्या असतात. पॉझिट्रोनियम किती प्रमाणात तयार होते हे पदार्थाच्या रासायनिक रचनेवरही अवलंबून असल्यामुळे त्यावरून पोकळ्यांची संख्या सरळ काढता येत नाही. म्हणून या आकड्यांना वायूंच्या पारगम्यतेची आणि घनतेच्या मोजणीची साक्ष जोडावी लागते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही ही पद्धत वापरली जाते. जे रिकामे म्हणून सोडून दिले जाई, तेच पदार्थाचे गुण ठरवते, हे या मोजणीने आकड्यांनिशी दाखविले आहे.